बिन आणि कोम

२०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या वाडीतले एक शेजारी संध्याकाळी मोबाइल घेऊन आले. नातवाच्या जात पडताळणीसाठी त्यांना १९६७ पूर्वीचा पुरावा हवा होता आणि मुंबईच्या मुलाने एका जुन्या सरकारी पानाचं छायाचित्र पाठवलं होतं. पान मोडीतलं. "आमचा पणजा हाय काय ह्यात, बगा जरा," म्हणाले.

मोडी मला अडखळत वाचता येते. कागद गाव नमुना नंबर १४ चा होता, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही. अर्ध्या तासाने ओळ लागली. बापाचं नाव, पुढे 'बिन', पुढे त्याच्या बापाचं नाव. जात कुणबी. अपत्य मुलगा. मुलाचं नाव नव्हतं, नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं असणार. आईचंही नाव नव्हतं. शेजाऱ्यांचं काम मात्र झालं होतं. तरी ते उठेनात. "ह्यो बिनच्या फुडचा कोण?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुमच्या पणजोबांचे वडील. ते नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनी ते दोनतीनदा स्वतःशी उच्चारलं आणि मग नातवाला फोन लावला.

आमच्या कपाटात कुलवृत्तांत आहे. त्यात माझ्या वर दहा पिढ्या नावानिशी दिलेल्या आहेत. कोण कुठल्या गावाहून निघाला, कोणाला कसलं वतन मिळालं, कोण काशीला जाऊन तिकडेच राहिला, सगळं. शेजाऱ्यांचं घर आणि आमचं घर यांच्या मधे एक गडगा आहे. दोन्ही घराणी या डोंगराच्या कुशीत सारखीच जुनी असतील, कदाचित त्यांचं जास्तच जुनं. मग आमच्या झाडाला अकरा पिढ्या आणि त्यांच्या झाडाला, तेही सरकारी कामाच्या निमित्ताने, पाच, हे कसं झालं? हा लेख त्या प्रश्नाचा आहे. पूर्वज शोधण्याचा नाद आता घरोघर पोचला आहे. मोबाइलवर वंशवृक्ष काढता येतात, हजारो मैलांवरचे चुलतभाऊ सापडतात. माझं म्हणणं इतकंच आहे की झाड किती उंच जातं हे पूर्वजांच्या कर्तृत्वावर ठरत नाही, कागदावर ठरतं. आणि कागद कोणाच्या वाट्याला आला, कोणाच्या नाही, याची कारणं शोधल्याशिवाय केलेला घराण्याचा इतिहास अर्धा राहतो.

रत्नागिरीत या कागदाचं नाव आहे खोती. दक्षिण कोकणातली शेकडो गावं खोतांची. खोत सरकारात सारा भरायचा आणि कुळांकडून धान्याच्या रूपाने खंड वसूल करायचा. सरकारला हिशेब हवा होता तो खोताशी. म्हणून खोताच्या घराण्याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर राहिली. कोणाचा हिस्सा किती आण्यांचा, कोणत्या वर्षी वहिवाट कोणत्या भावाकडे, दत्तक कोण, तक्रार कोणाची, हे सारं कागदावर आलं, कारण त्यावर पैसा अवलंबून होता. कुळाशी सरकारचा थेट संबंध नव्हता, म्हणून त्याचं नाव सरकारी वहीत येण्याचं कारणही नव्हतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची मोजणी कोकणात पोचली, खोत आणि कुळांचे हक्क ठरवण्याचा खटाटोप सुरू झाला आणि १८८० चा खोती कायदा आला. त्या काळात गावोगाव तयार झालेल्या 'बोटखत' नावाच्या पत्रकात कुळाचं नाव जमिनीच्या तुकड्यासमोर लागलं. आजही रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीचा वाद निघाला की म्हातारे वकील आधी बोटखत मागतात. मी तर म्हणेन की कोकणातल्या कुणब्याचा लेखी इतिहास बोटखतापासून सुरू होतो. त्याच्या आधी तो खोताच्या घरच्या वहीत असलाच तर नुसत्या नावाने असतो. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. इतके मण भात येणे, एवढंच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. जमीन कसणाऱ्याच्या नावावर होण्याचा तो लढा होता. पण नाव सातबाऱ्यावर लागणं म्हणजे पुढच्या पिढ्यांना मागे वळून बघण्यासाठी एक खूण मिळणं, हा त्या लढ्याचा दुसरा अर्थ आज जुनी पानं उलटताना जाणवतो.

बाबासाहेबांचं स्वतःचं नावही या विषयातलं मोठं उदाहरण आहे. घराणं सकपाळांचं, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते, निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिले आणि मग साताऱ्याला गेले. तिथल्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. तो दिवस राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वंशावळ शोधणाऱ्याच्या नजरेने ती नोंद पाहिली तर तिच्यात सगळं आहे: गावावरून आलेलं आडनाव, मागे राहिलेलं सकपाळ, आणि शाळेत पाऊल टाकलेल्या मुलाला पहिल्यांदा मिळालेली पूर्ण तीन पदरी ओळख. कोकणातल्या कितीतरी घरांचा सर्वांत जुना खात्रीचा कागद शाळेचं जनरल रजिस्टर हाच आहे. जमीन नसलेल्याचं नाव सातबाऱ्यात नसतं, फेरफारात नसतं, बोटखतात नसतं. पण नातू शाळेत गेला की त्या घराचं नाव कागदावर येतं.

आडनावाबद्दल एक सावधगिरी सांगतो, कारण इंटरनेटवर शोधणारे इथेच घसरतात. 'कर' लागलेलं आडनाव म्हणजे घराण्याचा पत्ता नव्हे. पुष्कळदा ते गाव सोडल्यावर लागलेलं असतं. गावात असेपर्यंत माणसाला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? एकाच गावातून निघालेल्या चार जातींची आडनावं एकच असू शकतात, आणि एकाच रक्ताचे दोन भाऊ दोन गावी गेले तर त्यांची आडनावं वेगळी. संकेतस्थळावर आडनाव टाकून समोर आलेल्या यादीला आपली भावकी समजणं म्हणजे चिपळूणच्या स्टँडवर उतरलेल्या प्रत्येकाला पाहुणा समजण्यासारखं आहे. जिल्ह्याचंही तेच. १ मे १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग वेगळा नव्हता. जुन्या कागदावर 'जिल्हा रत्नागिरी' असेल तर ते घर मालवणचं, कुडाळचं, देवगडचंही असू शकतं. तालुका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता इंग्लंडशी तुलना करतो. तिकडच्या माणसाला घरबसल्या पणजोबा सापडतो, याचं कारण त्यांच्या जनगणनेत आहे. दर दहा वर्षांची घरोघरची पत्रकं तिकडे जपून ठेवतात आणि शंभर वर्षांनी खुली करतात. १९२१ ची जनगणना तिथे जानेवारी २०२२ मध्ये लोकांसमोर आली. मालक असो की मोलकरीण, जनगणनेच्या रात्री त्या घरात झोपलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात असतं. आपल्याकडेही १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली. पण आपल्याला मिळतात ते नुसते आकडे. माणसांची नावं असलेली पत्रकं खुली होत नाहीत, १९४८ च्या जनगणना कायद्याने ती पाहण्याचा हक्क कोणालाच नाही. म्हणजे गरीब आणि श्रीमंत एका रांगेत बसतील असा जो एक कागद होता, तोच आपल्याला बंद आहे. उरतात ते मालकीचे कागद. दापोलीच्या कॅम्पात वारलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याचं दफन मुंबई इलाख्याच्या चर्चच्या नोंदींत आहे, त्या नोंदींच्या प्रती तेव्हाच लंडनला गेल्या आणि आज त्याचा खापरपणतू त्या पडद्यावर वाचतो. त्याची पालखी वाहणारे भोई दापोलीचेच होते. त्यांचा खापरपणतू काय वाचणार?

सैन्यात गेलेल्यांचं थोडं वेगळं. महायुद्धात कामी आलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत आणि कोकणातल्या पुष्कळ शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि 'रत्नागिरी' असं लिहिलेलं सापडतं. ज्या घरात आजोबांचा भाऊ 'बसऱ्याला गेला तो आलाच नाही' एवढंच ठाऊक आहे, त्या घराने तिथे जरूर शोधावं. इंग्रजी स्पेलिंगची दहा रूपं करून पाहावी लागतात, पण सापडतं.

आणि मॉरिशस. १८३४ पासून १९२० पर्यंत पाचएक लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तिथल्या घाटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये कोकणातली मराठी माणसं होती, त्यांचे वंशज आजही तिकडे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची दप्तरं जपलेली आहेत. प्रत्येकाला क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, गाव, पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. तिकडे आडनाव म्हणून पणजोबाचं पहिलं नावच चिकटलं आणि गावाचं नाव इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलं गेलं. तो कागद हातात घेऊन त्यांचे नातू कधीकधी कोकणात येतात. मला त्या दप्तरांतली एक गोष्ट सतत खुपते. मजूर म्हणून गेलेल्या बाईलाही तिथे स्वतःचा क्रमांक होता, तिचं नाव तिच्या बापाच्या नावासह लिहिलेलं होतं. ज्या व्यवस्थेने तिला जवळजवळ गुलाम केलं तिने तिची नोंद केली. तिची जी बहीण गावातच राहिली, लग्न होऊन पलीकडच्या वाडीत गेली, तिची नोंद आपण केली नाही.

इथे मी मथळ्यातल्या दोन शब्दांवर येतो. जुन्या मराठी कागदांत पुरुषाच्या नावापुढे 'बिन' येतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'कोम' येतं, म्हणजे अमक्याची बायको. दोन्ही शब्द अरबीतून आलेले, दोन्ही छोटे, पण वंश शोधणाऱ्यासाठी दोघांच्या दिशा उलट आहेत. 'बिन' तुम्हाला मागे नेतं, एका पिढीवरून दुसऱ्या पिढीवर. 'कोम' बाजूला नेऊन नवऱ्याच्या दारात उभं करतं आणि तिथेच वाट संपते. ती कोणाची मुलगी, कोणत्या गावची, हे विचारायला कागदात जागाच नाही. त्यातून लग्नात तिचं पहिलं नावही बदललेलं. म्हणजे माहेरच्या कागदात ती असली तरी एका नावाने, आणि सासरच्या कागदात दुसऱ्या. या दोन नावांची गाठ कोणत्याही दप्तरात नाही, ती फक्त घरातल्या कोणा म्हातारीच्या डोक्यात असते.

आमच्या कुलवृत्तांताबद्दल मला प्रेम आहे. गेल्या शतकात ज्यांनी असे ग्रंथ केले त्यांनी गावोगाव पत्रं पाठवली, तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहिल्या, मोडी दप्तरं उलगडली, पदरमोड करून छापलं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला आणि अस्सल कागदाशिवाय बोलायचं नाही ही शिस्त घालून दिली. तिचा संस्कार या घरगुती ग्रंथांवरही दिसतो. पण त्यांची रचना 'बिन' वर उभी आहे. ज्याला मुलीच झाल्या त्याच्या नावाखाली रेघ थांबते. मी माझ्या झाडात मोजलं, अशा थांबलेल्या रेघा तेवीस आहेत. त्या तेवीस घरांतल्या मुली कुठेतरी नांदल्या, त्यांना मुलं झाली, त्यांचे वंशज आज असतील. ग्रंथाच्या लेखी ती घरं संपली.

हा नियम किती पोकळ आहे ते रत्नागिरीतच दिसतं. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. त्याच्याबरोबर होत्या राण्या आणि चार मुली. थोरल्या राजकन्येला राजवाड्यातल्या एका मराठी नोकरापासून मुलगी झाली, तिचं नाव टूटू. ती रत्नागिरीतच वाढली, इथेच संसार केला, गरिबीत राहिली, मराठी बोलली. तिच्या मुलांनातवंडांमुळे थिबाच्या कोनबाँग घराण्याची एक शाखा आजही मराठी बोलते. आपल्या कुलवृत्तांताच्या रीतीने लिहिलं तर मात्र थिबाची रेघ थिबापाशीच थांबली असती. सुधा शाह यांनी २०१२ च्या 'द किंग इन एक्झाइल' मध्ये हे कुटुंब सविस्तर मांडलं. ते शक्य झालं, कारण कैदेतल्या राजावर इंग्रज सरकारने केलेला खर्च आणि पत्रव्यवहार दप्तरांत राहिला. राजाचं होतं म्हणून कागद राहिले. पण वंश चालला तो मुलीच्या पोटी.

इंटरनेटने हे सगळं सुधारायला हवं होतं. झालं उलटंही. परदेशी संकेतस्थळांवर मराठी घराण्यांची झाडं झपाट्याने वाढत आहेत, आणि ती बहुतेक छापील कुलवृत्तांतांतून उचललेली आहेत, रेघा थांबतात तिथेच थांबवून. एकाने केलेली चूक दहा जण उतरवून घेतात आणि मग दहा ठिकाणी आहे म्हणून ती खरी ठरते. चारशे वर्षांपूर्वीच्या सरदाराला जोडलेली झाडं मी पाहिली आहेत, मधल्या पाच पिढ्यांना एकही कागद नाही. मोडी वाचताना इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद हाती लागत नाही, घसरट अक्षरात एका नावाचं दुसरं होतं. तिथे 'बहुधा' असं लिहायला हवं. संकेतस्थळाच्या चौकटीत 'बहुधा' साठी खूण असते, ती कोणी करत नाही. ज्याला आपल्या पूर्वजांबद्दल खरंच आस्था आहे त्याने प्रत्येक नावाखाली ते कोणत्या कागदावरून किंवा कोणाच्या तोंडून आलं हे लिहावंच. आत्याने सांगितलं असेल तर आत्याचं नाव आणि सांगितल्याची तारीख लिहावी. तोंडी साक्ष हीसुद्धा साक्षच आहे.

एक मोठी संधी आपल्या समोरून गेली, किंवा अजून पुरती गेलेली नाही. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी राज्यभर जुन्या दप्तरांचा शोध झाला. नमुना १४, शाळांची रजिस्टरं, भूमी अभिलेख, कारागृहांपर्यंतच्या नोंदी चाळल्या गेल्या. पन्नास लाखांहून जास्त कुणबी नोंदी निघाल्या आणि पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती किंमत आली. आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही, त्याची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. मला दिसतं ते असं: महाराष्ट्राच्या इतिहासात पहिल्यांदा सामान्य शेतकऱ्याच्या पणजोबाचा कागद इतक्या मोठ्या प्रमाणावर उघडला गेला, आणि त्यात शोधला गेला तो एकच शब्द, जातीचा. त्या शब्दाच्या मागेपुढे असलेली माणसं तशीच राहिली. पानं गावाच्या नावाखाली लागली, माणसाच्या नावाने शोधायची सोय नाही. त्याच वहीतल्या दुसऱ्या जातींच्या ओळी, महारांच्या, गाबितांच्या, भंडाऱ्यांच्या, दालदी मुसलमानांच्या, त्यांच्या नातवंडांसाठी अजून बासनातच आहेत.

हरकत येईल ती मला ठाऊक आहे, आणि ती हलकी नाही. जुनी वही उघडली की जात उघडी पडते. ज्यांनी गावाचं नाव आडनाव करून जातीचा डाग मागे टाकला, त्यांचा माग कोणीही काढू शकेल. कोणाच्या घरात बापाच्या रकान्यात काही नसेल. या भीतीपोटी वह्या बंदच ठेवाव्यात असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, कारण बंद वही सगळ्यांना सारखी बंद नसते. ज्याची ओळख आहे, ज्याच्याकडे वकील आहे, त्याला ती आजही उघडते. उपाय मर्यादा घालण्याचा आहे. जन्माला शंभर वर्षं झाल्याशिवाय नोंद खुली नको, जातीचा रकाना सार्वजनिक सूचीत नको, तो फक्त वंशजाला मागणीवरून मिळावा. नाव, बापाचं नाव, गाव, वर्ष, एवढ्याचीच सूची. मोडीची अक्षरं २०१४ पासून युनिकोडात आहेत. कॉलेजांत मोडीचे वर्ग चालतात, त्यांतल्या मुलांना सरावाला प्रत लागतेच. एका तालुक्याच्या वह्यांपासून सुरुवात करायला कोणाचा विरोध असू नये. समुद्रकाठच्या दमट हवेत आणि वाळवीत हे कागद आणखी किती पावसाळे काढतील, हाही प्रश्न आहेच.

आणि कागदाबाहेरचं? आमच्या गावात शिमग्याला पालखी कोणत्या घरी आधी जाते, होळीला पहिला हात कोणाचा, नारळ कोणत्या क्रमाने ठेवतात, यात घराण्यांच्या फुटीचा सगळा इतिहास आहे. थोरला भाऊ कोण, मागून येऊन वसलं कोण, हे गुरवाला आणि मानकऱ्यांना तोंडपाठ असतं. कुळांच्या घरांचा वंश खोताच्या वहीपेक्षा या क्रमात जास्त खरा टिकला आहे. गणपतीला आलेले चाकरमानी पाच दिवसांत आरत्या म्हणतात, पत्ते खेळतात. एक संध्याकाळ म्हाताऱ्यांपुढे मोबाइल ठेवून बसावं, आणि आजोबांना आधी विचारू नये, आजीला विचारावं. तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं माहेर, तिच्या मावशा कुठे दिल्या. 'कोम' ने बंद केलेलं दार त्या एका संध्याकाळी उघडतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदात आईचं नाव बापाच्या आधी लागतं. चांगलं झालं. शंभर वर्षांनी शोधणाऱ्याला ते उपयोगी पडेल. माझ्या पणजीसाठी मात्र मला दुसरी वाट शोधावी लागली, ती सांगतो.

ती पणजी म्हणजे वडिलांच्या आईची आई. तिचं माहेर आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. कुलवृत्तांतात ती नव्हती, सातबाऱ्यात नव्हती. संगणकावरचा सातबारा फक्त आजचा मालक दाखवतो. पण हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो. तो धरून मी फेरफाराची वही काढायला लावली. तिथे कळलं की कोकणातल्या बायका कागदावर कधी येतात. बाप मरतो, वारस नोंद होते, भावांबरोबर बहिणींची नावं लागतात, कोणती कुठल्या गावी दिली त्या गावासकट. आणि पुढच्याच एखाद्या नोंदीत त्या सगळ्या हक्क सोडतात. हक्क सोडण्यासाठी का होईना, त्यांना नाव, बाप आणि गाव एका ओळीत मिळतं.

पणजीच्या गावाचा अंदाज आल्यावर तिच्या माहेरच्या वहीत ती ओळ सापडली. चार बहिणी, तिसरी ती. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, दोन्ही. खाली चार अंगठे. तिसऱ्या अंगठ्याची शाई थोडी फिसकटली आहे, घाईत उचलल्यासारखी. मी त्या पानाचं छायाचित्र आत्याला दाखवलं. तिने मोबाइल जवळ नेला, अंगठ्याच्या रेघा मोठ्या करून पाहिल्या आणि मग बाकीच्या तिघींची नावं विचारली.